फिशटँकमधला धूर

हॉलच्या कोपऱ्यातल्या फिशटँकमध्ये रात्रंदिवस बुडबुडे सोडणारा छोटा पंप हवा आणतो कुठून? त्याच हॉलमधून. घरात कोणी सिगारेट ओढत असेल तर हवेबरोबर धूरही पाण्यात जातो. निकोटिन पाण्यात सहज विरघळते. एकेकाळी ते कीटकनाशक म्हणून पिकांवर फवारले जात असे. मज्जातंतूंकडून स्नायूंना जाणारे संदेश ते बिघडवते, आणि माशांमधली ही व्यवस्था माणसासारखीच असते.

सॅन डिएगोच्या संशोधकांनी ओढलेल्या सिगारेटची थोटके पाण्यात भिजवून मासे त्यात सोडले. लिटरला साधारण एक थोटूक एवढ्या प्रमाणात चार दिवसांत निम्मे मासे मेले. हा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. धुरातून टाकीत उतरणारे निकोटिन अर्थातच याहून पुष्कळ कमी. त्यामुळे मासा मेला की सिगारेटलाच दोष देणे बरोबर नाही. वेळेवर न बदललेले पाणी आणि मूठभर जास्त टाकलेले खाणे हे जुने गुन्हेगार आहेतच.

तरीही जाणकार सांगतात, पंप गॅलरीत ठेवा, फिल्टरमध्ये कार्बन घाला. सल्ला ठीक आहे. पण माशांना गॅलरीतली हवा आणि पाळण्यातल्या बाळाला हॉलमधली, हा कुठला न्याय? सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर बंदी आहे. घराचा उंबरठा मात्र तो नियम ओलांडत नाही. तेव्हा पंपाची जागा बदलण्याआधी ओढणाऱ्याने गॅलरीत जावे, जाताना दार लावून घ्यावे.