औषध ठरेल तेव्हा ठरेल, पीक कोणाचे ते आज ठरवा

मुळशी तालुका भाताचा. तिथल्या पावसात आपली कपाशी उभ्या उभ्या कुजेल आणि ज्वारीचे कणीस काळे पडेल. तरीही कापूस-ज्वारीच्या कोरडवाहू शेतकऱ्यांपुढे आज जो विषय ठेवायचा आहे, त्याची सुरुवात मुळशीपासून करावी लागते. १९२१ साली मुळशी पेट्यातले मावळे सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्याबरोबर टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रहाला बसले. त्यांनी मार खाल्ला, तुरुंग भोगले. शेवटी जमीन पाण्याखाली गेली आणि वीज मुंबईला गेली. सरकारच्या हातात हत्यार होते १८९४ चा भूसंपादन कायदा. 'सार्वजनिक हित' हे दोन शब्द उच्चारले की शेतकऱ्याचा शेतावरचा हक्क संपला.

त्याच १८९४ साली त्याच सरकारच्या दप्तरातून आणखी एक कागद बाहेर पडला. भांग, गांजा आणि चरस यांच्या चौकशीसाठी १८९३ मध्ये एक कमिशन नेमले होते. त्याने देशभरातल्या ११९३ साक्षीदारांचे म्हणणे घेतले आणि अहवाल दिला की, बेताने घेणाऱ्याचे फारसे नुकसान होत नाही, अति करणाऱ्याचे होते. तेव्हा सरसकट बंदी नको, परवाना आणि कर यांनी आवर घालावा. या झाडाचा उपयोग लोक हगवणीवर आणि भूक लागण्यासाठी करतात, हेही त्या अहवालात नोंदलेले आहे.

शेतकऱ्याची जमीन काढून घेणारा कागद नवा कायदा येईपर्यंत, म्हणजे २०१३ पर्यंत, जोरात चालला. परवान्याच्या कुंपणात का होईना, शेतकऱ्याला एक पीक ठेवू पाहणारा कागद मात्र धूळ खात पडला. सरकार कोणाचेही असो, कोणता कागद चालवायचा आणि कोणता विसरायचा, हे शेतकऱ्याला विचारून ठरत नाही.

आज हा विषय काढायचे कारण असे की, गावोगाव दोन गोष्टी कानावर येऊ लागल्या आहेत. पहिली, गांजाचे तेल पोटाच्या सुजेवर रामबाण आहे. दुसरी, गांजाची शेती खुली झाली की एकरी लाखो रुपये मिळतील. दोन्ही गोष्टी तपासून घेतल्या पाहिजेत, कारण पहिलीत जीव अडकला आहे आणि दुसरीत घरादाराची अब्रू.

आधी पोटाचे पाहू. 'पोटाला सूज' हा एकच शब्द आपण दहा दुखण्यांना वापरतो. जठराला सूज येते किंवा व्रण होतो, तेव्हा बहुतेक वेळा कारण असते एक जंतू किंवा दुखणे थांबवणाऱ्या गोळ्या. हा जंतू ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी शोधला. मार्शलने १९८४ मध्ये तो स्वतः पिऊन दाखवला आणि २००५ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. गोळ्यांची गोष्ट तर आपल्या घरातलीच आहे. दिवसभर कापूस वेचून कंबर मोडते, दुकानातून गोळी आणायची आणि कोऱ्या चहाबरोबर उपाशीपोटी गिळायची. वर्षभर हे चालले की जठर सोलून निघते. त्या दुखण्याला गांजा नको. जंतू असेल तर डॉक्टरच्या सल्ल्याने दहा ते चौदा दिवसांचा औषधांचा क्रम पुरा करायचा, आणि गोळ्यांनी झाले असेल तर त्या गोळ्या बंद करायच्या.

दुसरे दुखणे आतड्याचे. क्रोन आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस अशी त्याची डॉक्टरी नावे आहेत. आतड्याला आतून सूज येते, रक्त पडते, माणूस वाळत जातो आणि दुखणे वर्षानुवर्षे पाठ सोडत नाही. गांजाची जी चर्चा आहे ती मुख्यतः या दुखण्याबद्दल. इस्रायलमध्ये २०१३ साली क्रोनच्या २१ रोग्यांवर प्रयोग झाला. गांजा घेतलेल्या ११ पैकी १० जणांना बरे वाटले, खोटे औषध घेतलेल्या १० पैकी चौघांना. ऐकायला आकडा मोठा आहे. पण आजार पूर्ण ओसरला तो पहिल्या गटात पाच जणांचा आणि दुसऱ्यात एकाचा. इतक्या थोड्या माणसांत एवढ्या फरकावर शास्त्र भरवसा ठेवत नाही. रक्ताच्या तपासणीत सूज कमी झाल्याचेही दिसले नाही. २०२१ साली कोलायटिसच्या ३२ रोग्यांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला, त्यातही त्रास कमी झाला, पण दुर्बिणीतून पाहिले तर आतड्याच्या जखमेत ठाम सुधारणा नव्हती. जगभरचे प्रयोग एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१८ मध्ये दोन्ही आजारांबद्दल हेच म्हटले की, निर्णय देण्याइतका पुरावा नाही.

याचा साधा अर्थ असा. दुखणे कमी होते, भूक लागते, झोप लागते. हा दिलासा खोटा नाही. पण राख घातल्याने निखारा विझत नाही. बरे वाटते म्हणून रोगी खरे औषध सोडतो आणि आतडे आतून जळतच राहते. शिवाय वर्षानुवर्षे गांजा ओढणाऱ्यांपैकी काहींना न थांबणाऱ्या उलट्या आणि पोटदुखी होते, हे २००४ साली ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी नोंदवले आहे. ज्याच्यासाठी घ्यायचे तेच पोट त्याने बिघडते.

म्हणून झाड कुचकामाचे ठरत नाही. कर्करोगाच्या उपचारात होणाऱ्या उलट्यांवर त्यातल्या घटकाचे औषध अमेरिकेत १९८५ पासून आहे, आणि लहान मुलांच्या अवघड फेफऱ्यावरच्या औषधाला तिथे २०१८ मध्ये मान्यता मिळाली. आपल्याकडे ग्रहणीवर दिल्या जाणाऱ्या जातिफलादि चूर्णात भांग असते. पण औषध कायद्याच्या नियमांत भांग विषारी द्रव्यांच्या यादीत आहे आणि ती घालून केलेले औषध वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यायचे असते. वैद्याने तोलून दिलेले चूर्ण वेगळे आणि बाजारात कोणीतरी बाटलीत भरून दिलेले तेल वेगळे.

आता शेताचे. १९८५ च्या अंमली पदार्थविरोधी कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे आणि चरस म्हणजे त्याचा चीक. नुसते पान, म्हणजे भांग, त्या व्याख्येत येत नाही. पण महाराष्ट्रात भांगेवर १९४९ च्या दारूबंदी कायद्याचा अंमल आहे. तेव्हा पानाच्या पळवाटेवर कोणी विसंबू नये. विनापरवाना झाड लावले तर कलम २० खाली दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड. ही कमाल शिक्षा दोन झाडांना आणि दोन एकरांना एकच. कलम ४६ प्रमाणे आपल्या जमिनीत दुसऱ्या कोणी लावले आणि आपण जाणूनबुजून कळवले नाही, तरी आपण गुन्हेगार. बटईने जमीन दिलेल्यांनी हे कलम लक्षात ठेवावे. कपाशीच्या आणि तुरीच्या ओळींत चार झाडे लपवून पोरीच्या लग्नाचा खर्च निघेल, असे सांगणारा व्यापारी पोलीस आल्यावर शेजारी उभा राहत नाही. गांजाचे पान दिसते आपल्या अंबाडीसारखे. पण अंबाडीची भाजी ज्वारीच्या भाकरीबरोबर पोटात जाते, आणि गांजा घरातला कर्ता माणूस आत घालवतो.

ऑगस्ट २०२१ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ तालुक्यातील एका शेतकऱ्याने दोन एकरांत गांजा लावण्याची परवानगी जिल्हाधिकाऱ्यांकडे मागितली. कोणत्याच पिकाला भाव नाही, मग ज्याला भाव आहे ते लावू द्या, एवढेच त्याचे म्हणणे होते. काहींनी तो प्रसिद्धीचा खेळ ठरवला. आम्हाला तो कोरडवाहू शेतीचा ताळेबंद वाटतो. तो अर्ज गांजाबद्दलचा नव्हताच, तो भावाबद्दलचा होता.

काही तरुण कार्यकर्ते विचारतात की, जून २०१९ मध्ये अकोट तालुक्यात एचटीबीटी कपाशी उघडपणे पेरून सत्याग्रह केला, मग गांजाचा का नाही? उत्तर सरळ आहे. त्या बियाण्याने शेतकऱ्याचा निंदणीचा खर्च वाचत होता आणि ते शेतकऱ्यांना हवे होते. इथे औषध अजून ठरलेले नाही, बाजार ठरलेला नाही, आणि जामीन मिळणे मुश्कील. शेतकऱ्याची पोरे दहा वर्षे आत घालवून आंदोलन चालत नाही.

पण गप्प बसूनही चालणार नाही, कारण वारे फिरले आहे. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने २७ विरुद्ध २५ मतांनी गांजाला सर्वांत कडक यादीतून काढले. भारताने बाजूने मत दिले. उत्तराखंडने २०१८ मध्ये तंतू-बियांसाठी लागवडीचा पहिला परवाना दिला, तो उद्योगाच्या संघटनेला. नशेचा अंश ०.३ टक्क्यांपेक्षा जास्त निघाला तर पीक नष्ट करायचे, ही अट. २०२१ मध्ये या झाडाच्या बी आणि बियांच्या तेलाला अन्न म्हणून मान्यता मिळाली. हिमाचल प्रदेशाने जानेवारी २०२५ मध्ये कृषी विद्यापीठांमार्फत चाचणीला मंजुरी दिली. म्हणजे इंडियात बाटलीला लेबल लागले आहे आणि भारतात त्याच झाडाला बेडी आहे.

उद्या परवाने निघालेच तर ते कसे असतील, हे नीमच-मंदसौरला जाऊन पाहावे. तिथे अफूचा पट्टा आरीत मोजून मिळतो, भाव सरकार ठरवते, माल सरकारलाच द्यायचा, आणि ठरलेला उतारा आला नाही तर पट्टा रद्द. एकाधिकार कापूस खरेदीत जवळजवळ तीस वर्षे भरडलेल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगायची गरज नाही. दुसरा धोका त्याच्या उलट बाजूचा. सफेद मुसळी, कोरफड, जट्रोफा, इमू या सगळ्यांच्या वेळी 'रोपे आमची, खरेदी आमची' असे सांगणारे आले होते. रोपांचे पैसे घेतले आणि खरेदीच्या वेळी कचेरीला कुलूप.

म्हणून जिल्हा बैठकीपुढे या मागण्या ठेवत आहोत.

१. राज्यातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांनी आतड्याच्या सुजेवर गांजातल्या घटकांचे रीतसर प्रयोग करावेत आणि निकाल मराठीत जाहीर करावा.

२. राहुरी, अकोला आणि परभणीच्या कृषी विद्यापीठांनी कायद्याच्या कलम १० व १४ चा आधार घेऊन तंतू-बियांच्या वाणांची चाचणी कोरडवाहू जमिनीत घ्यावी. आपल्या उन्हात नशेचा अंश किती चढतो आणि एकरी खर्च वजा जाता काय उरते, ते आकडे आधी मांडावेत.

३. परवाने द्यायचे ठरले तर ते शेतकऱ्यांना आणि त्यांच्या कंपन्यांनाही मिळावेत. गिऱ्हाईक एकच ठेवून भाव पाडू नये.

तोवर भावांनो आणि मायबहिणींनो, पोट दुखले तर डॉक्टरकडे जा, बाटली घेऊ नका. शेतात लावायला कोणी रोप आणून दिले तर परत पाठवा. हे भित्रेपणाने सांगत नाही. मुळशीच्या मावळ्यांना आपल्या जमिनीचा निर्णय झाला आहे हे कळले, तेव्हा मोजणीच्या खुंट्या ठोकून झाल्या होत्या. या पिकाच्या खुंट्या अजून ठोकायच्या आहेत. त्या ठोकताना आपण हजर असलो पाहिजे.