आधी ओळ, मग शुद्धलेखन

काही वर्षांपूर्वी चौथीच्या वर्गात आम्ही आईविषयी चार ओळी लिहावयास सांगितल्या. ऊसतोड कामगाराच्या एका मुलाने लिहिले, ‘माही माय कोंबड्याच्या आंधी उठती. अंधारातबी तिला कोयता सापडतो.’ आम्ही लाल शाईने ‘माही माय’ खोडून ‘माझी आई’ केले आणि वही परत दिली. पुढच्या वेळी त्याने आईच्या उपकारांवर कविता आणली. यमक जुळले होते, शुद्धलेखन बिनचूक होते. त्याची माय मात्र त्यात कोठेच नव्हती. त्या लाल शाईची खंत आम्हास आजही आहे.

लहान मुलांना कविता शिकविणे म्हणजे यमके जुळविण्यास शिकविणे, हा समज सोडला पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. ओव्या आणि भीमगीते ऐकत वाढलेल्या मुलांच्या कानात लय असतेच. उणीव असते ती आपले जगणे लिहिण्याजोगे आहे, या विश्वासाची.

हा विचार आपल्या परंपरेला परका नाही. विनयपिटकातील चुल्लवग्गात दोन ब्राह्मणकुलीन भिक्खू बुद्धवचन छंदात बसविण्याची अनुमती मागतात. तथागत ती नाकारतात आणि स्वभाषेत धम्म शिकण्याची मुभा देतात. थेरीगाथेतील पुण्णिका ही पाणी वाहणारी दासी. थंडीत नदीवर जाण्याच्या आपल्या कष्टापासूनच तिची गाथा सुरू होते आणि स्नानाने पाप धुऊ पाहणाऱ्या ब्राह्मणाला ती निरुत्तर करते. बाबासाहेबांनी १९२० साली आपल्या पाक्षिकास ‘मूकनायक’ हे नाव दिले. मुक्यांना वाचा देण्याचे ते कार्य तिसरी-चौथीच्या वर्गातही चालावयास हवे.

आता आमची रीत साधी आहे. मुलाने स्वतः पाहिलेली एकच गोष्ट निवडावी, तिच्याविषयी आधी बोलावे, मग घरच्या बोलीत लिहावे आणि वर्गाला वाचून दाखवावे. तोवर लाल पेन खिशातच राहते. प्रमाण मराठी आम्ही कसून शिकवितो. परीक्षेस, नोकरीस आणि हक्कांच्या लढ्यास तिची गरज आहे. पण तिचा तास वेगळा. कवितेच्या वहीत ‘माय’ ही ‘माय’च राहील.

‘कवितेने पोट भरते का?’ असे काही पालक विचारतात. कवितेने पोट भरत नाही, हे खरेच. परंतु आपल्या आईचे कष्ट न लाजता वर्गासमोर वाचणारे मूल उद्या कोणत्याही कचेरीत मान वर करून बोलेल. वसतिगृहात भेटीस येणाऱ्या पालकांना आणि माजी विद्यार्थ्यांना आमची एवढीच विनंती आहे : खाऊ जरूर आणा, पण घटकाभर बसून मुलांच्या ओळीही ऐका. ‘माही माय’ ऐकू आले, तर हसू नका.

जय भीम!