भावी खेळाचें इंजिन

गेल्या महिन्यांत आमच्या पुतणीनें घरांत एक नवाच प्रश्न उपस्थित केला. नोकरी सोडून, दोघी मैत्रिणींसह, मोबाईलवर खेळतां येईल असा सागरगोट्यांचा खेळ तिला तयार करावयाचा आहे. वर्षभर पुरेल एवढी शिल्लक तिनें स्वतःच जमविली आहे. "काका, सगळें ठरलें, इंजिन कोणतें घ्यावें तेवढेंच ठरत नाहीं," असें ती म्हणाली. त्यावर तिच्या आईनें विचारलें, "तें ज्याच्या मालकीचें, त्याचें मन उद्यां फिरलें तर तुझ्या वर्षाचें काय?" हा प्रश्न उद्यां आमच्या वाचकांच्या घरींहि निघेल, म्हणून त्याचा येथें विचार करूं.

गेम इंजिन म्हणजे खेळ नव्हे, तर खेळ बांधण्याची तयार सामग्री. पडद्यावर चित्र उमटविणें, वर उडविलेला खडा योग्य वेगानें खालीं आणणें, बोटाचा स्पर्श ओळखणें, हीं कामें तें करतें. तीं सर्व स्वतः लिहावयाचीं म्हटल्यास वर्ष त्यांतच सरेल. मात्र एका इंजिनावर उभारलेलें काम दुसऱ्यावर नेणें म्हणजे पुष्कळसें पुन्हां लिहिणेंच होय.

आज तीन नांवें विशेष ऐकूं येतात. पहिलें अनरिअल. तें १९९८ च्या त्याच नांवाच्या खेळाबरोबर पुढें आलें. भव्य, खऱ्यासारख्या दृश्यांत त्याचा हातखंडा आहे. पुण्यांत तयार होऊन २०२० सालीं प्रसिद्ध झालेला 'राजी' हा खेळ याच इंजिनावर उभा आहे. खेळाचें एकूण उत्पन्न दहा लक्ष डॉलरांपलीकडे गेल्यावर वरच्या रकमेवर सामान्यतः शेंकडा ५ हिस्सा द्यावा लागतो. पण सपाट चित्रांच्या लहान खेळास हा पसारा अवजड होतो.

दुसरें युनिटी. मोबाईलच्या खेळांत याचा प्रसार फार मोठा, व शिकण्याचीं साधनेंहि विपुल. परंतु १२ सप्टेंबर २०२३ रोजीं या कंपनीनें जाहीर केलें कीं, उत्पन्न व प्रती ठराविक मर्यादेपलीकडे गेल्यावर दर नव्या प्रतीमागें आकार घेतला जाईल. पूर्वीं प्रसिद्ध झालेले खेळहि त्यांत येणार होते! जगभर संताप उसळला; दहा दिवसांत अटी सौम्य झाल्या, आणि सप्टेंबर २०२४ मध्यें तो आकार रद्दच झाला. भाडेपट्ट्याच्या जागेवर घर बांधणाऱ्यानें पट्टा नीट वाचावा, हा धडा मात्र राहिला.

तिसरें गोडो. अर्जेंटिनांतील दोघांनीं रचलेलें हें इंजिन २०१४ सालीं सर्वांस मुक्त झालें. त्यास हिस्सा नाहीं, आकार नाहीं. हातीं आलेल्या आवृत्तीचा हक्क कोणी काढून घेऊं शकत नाहीं. उणीवहि आहे: दूरदर्शन-संचाला जोडण्याच्या खेळयंत्रांवर खेळ न्यावयाचा तर बहुधा त्रयस्थाचें साहाय्य घ्यावें लागतें. शिवाय मार्च २०२३ मध्यें चौथी आवृत्ती निघाली, तेव्हां तिसरीवरील कामांत बरेच फेरफार करावे लागले. तात्पर्य, मुक्त वस्तूलाहि श्रमाचें मोल पडतेंच.

मग निवड कशी करावी? प्रथम खेळाचें आकारमान पाहावें, नंतर आपल्या हातास काय येतें तें पाहावें, आणि शेवटीं करार अक्षरशः वाचावा. पुतणीला आम्हीं एवढेंच सुचविलें: नोकरी सोडण्यापूर्वीं पंधरा दिवस युनिटीवर व पंधरा दिवस गोडोवर एकच डाव बांध, घरांतल्या सर्वांत जुन्या मोबाईलवर दोन्हीं चालवून पाहा. ज्यावर खडा न अडखळतां झेलला जाईल व ज्याच्या अटी आईला समजावून सांगतां येतील, तें घे. एकदां घेतल्यावर काम पुरें होईपर्यंत आवृत्तीहि बदलूं नकोस.

तिनें तें मान्य केलें. आईनेंहि आपला जुना मोबाईल काढून दिला. वडील मंडळींनीं "हें कसलें खूळ" म्हणण्याऐवजीं इतकी चौकशी केली, तरी मुलांचें पुष्कळ हित होईल.