चूल मोजा, साहेब

प्रति,
आदिवासी विकास, पुरवठा व पंचायत विभागांचे अधिकारी,
पेण आणि रोहा तालुके, जि. रायगड



पाहणीच्या फॉर्मवर 'वैवाहिक स्थिती' असा रकाना असतो. कातकरी वाडीवर पेन तिथेच अडतं. पोरगा-पोरगी एकत्र राहू लागतात, कुडाची खोपी बांधतात, चूल वेगळी पेटते. लग्न पैसे जमतील तेव्हा. कधी तोवर पोर अंगणात खेळत असतं. वाडीच्या लेखी ते नवरा-बायकोच. तुमच्या लेखी दोघं 'अविवाहित', आपापल्या आईबापांच्या रेशनकार्डावर.

आता हिशोब करा. अंत्योदय कार्डावर महिन्याला 35 किलो धान्य, घरात माणसं कितीही असोत. एका कार्डावर तीन चुली असल्या तर चुलीमागे 12 किलोही येत नाही. घरकुलाचं तेच. आदिम जमातींसाठीची पीएम-जनमन योजना 15 नोव्हेंबर 2023 ला सुरू झाली, घरामागे 2 लाख रुपये. पण कागदावर कुटुंब एक, म्हणून घर एक.

वीटभट्टीचा शेठ मात्र दाखला मागत नाही. तो जोडी बघतो, जोडीवर उचल देतो आणि दिवाळीनंतर टेम्पो धाडतो. उचल फेडताना जोडी खरी, धान्य घेताना खोटी!

टाकलेल्या बाईचे हाल तर विचारूच नका. एका खिडकीवर तिला लग्नाचा पुरावा मागताना मी ऐकलंय. नवरा होता हे आधी सिद्ध करायचं, मग तो गेला हे. तिने कडेवरचं पोर पुढे केलं. आतून विचारणा झाली, "याचा जन्मदाखला?"

हिंदू विवाह कायदा अनुसूचित जमातींना सरसकट लागू नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. 2006 चा वनहक्क कायदा तर पट्ट्यावर नवरा-बायको दोघांची नावं लावायला सांगतो. जोडीच कागदावर नसेल तर दुसरं नाव कुणाचं लावणार?

काही मुली अठराच्या आतल्या असतात, म्हणून वय लपवलं जातं, हेही खरं. ते थांबायलाच हवं. पण फॉर्मवर 'अविवाहित' लिहून आजवर एकही बालविवाह थांबलेला नाही.

तेव्हा पाहणी पावसाळ्यात करा, माणसं घरी असताना. दाखल्याआधी चूल विचारा. वाडीतल्या चार जाणत्यांच्या अंगठ्यावर पंचनामा करा आणि विभक्त रेशनकार्ड द्या. हे दिवाळीच्या आत व्हायला हवं. नंतर वाडीवर म्हातारी माणसंच उरतात.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, रोहा