कार्ड मुलीचंच का बघायचं?

सिकलसेल हा शब्द आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत नवा नाही. १ जुलै २०२३ ला केंद्राचं सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. आदिवासी भागांतल्या चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत आजार संपवायचा, असं उद्दिष्ट आहे. रक्त तपासतात, कार्ड देतात. चांगलंच आहे. पण मैत्रिणींनो, त्या कार्डाचं पुढे काय होतं?

बचत गटाच्या बैठकांना गेलं की कानावर येतं, "पोरगी एएस निघाली, आता कोण करणार?" अहो, पण मुलाचं रक्त तपासलं का? एएस म्हणजे वाहक, रुग्ण नव्हे. जोडीदाराचं रक्त एए, म्हणजे निर्दोष असेल, तर बाळाला सिकलसेलचा आजार होत नाही. दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के धोका असतो. म्हणजे हिशेब दोघांचा आहे! शिवाय सोल्युबिलिटी ही पहिली तपासणी वाहक कोण आणि रुग्ण कोण, हे सांगतच नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस करावी लागते. नुसत्या पहिल्या तपासणीवर सोयरीक मोडणं हा निव्वळ अन्याय.

तपासणी चांगल्यासाठी निघते आणि बाईच्या मुळावर येते, हे आपण पूर्वीही पाहिलंय. गर्भजल तपासणी बाळातले दोष शोधण्यासाठी होती; तिचा उपयोग मुली पाडायला झाला. म्हणून १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशातला पहिला कायदा केला. १९९४ मध्ये केंद्राचा आला.

आता तर लाळेचा नमुना कुरिअरने पाठवला की जनुकीय चाचणीचा रिपोर्ट घरी येतो. 'ट्वेंटीथ्री अँड मी' ही अमेरिकन कंपनी मार्च २०२५ मध्ये दिवाळखोरीत गेली, तेव्हा दीड कोटी ग्राहकांच्या माहितीचं काय होणार, अशी चिंता पसरली. आपल्याकडे अशा चाचण्यांसाठी स्वतंत्र कायदा अजून नाही. वैयक्तिक माहितीच्या २०२३ च्या कायद्यातही जनुकीय माहितीला वेगळा दर्जा नाही. तो मिळायलाच हवा.

पण कायद्याची वाट बघत बसायला नको. लग्न ठरवण्याआधी दोघांचीही तपासणी करा. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. रिपोर्ट त्या दोघांनी एकमेकांना दाखवावा, समुपदेशकाकडून समजून घ्यावा. चावडीवर त्याचं काय काम?