लग्नाच्या फोटोंची तालीम मैदानावर

अंतरपाट खाली येतो, अक्षता उडतात आणि वधू-वर समोरासमोर येतात. सगळे तीन-चार सेकंदांत आटोपते. घरच्या लग्नात फोटो काढायची जबाबदारी तुमच्यावर असेल, तर इथे ‘परत एकदा करा हं’ म्हणता येत नाही. दिल्ली-नोएडा-गुरुग्राममधल्या मराठी घरांत तर कधी कधी सकाळी मंगलाष्टके आणि रात्री बारात, जयमाला असा दुहेरी बेत असतो. मित्रांनी नवरदेवाला उचलले की हार गळ्यात कधी पडला, तेही कळत नाही.

म्हणून तयारी आधीच करा. आपल्याकडे तुळशीच्या लग्नानंतर आणि दिल्लीत देवउठनी एकादशीपासून लग्नसराई सुरू होते. त्याआधीचे दोन महिने सरावासाठी उत्तम!

सकाळी क्रिकेट

रविवारी जवळच्या मैदानावर जा. मुलांचे फोटो काढण्यापूर्वी त्यांच्या पालकांना विचारा. कॅमेरा किंवा फोनचा प्रो मोड असेल, तर धावणाऱ्या खेळाडूसाठी शटरचा वेग १/१००० सेकंद ठेवून पाहा. साध्या फोनवर चेहऱ्यावर बोट दाबून फोकस लॉक करा आणि एकापाठोपाठ फोटो घेणारा बर्स्ट वापरा. चेंडूमागे धावू नका. फलंदाजाचा चेहरा दिसेल अशी जागा आधीच धरा. लग्नातही हेच करायचे आहे. अंतरपाटाच्या वेळी बाजूला उभे राहिलात, तर दोन्ही चेहरे एका चौकटीत येतील.

संध्याकाळी रंगमंच

गणेशोत्सवातले मंडळाचे कार्यक्रम, नवरात्रातली रामलीला, चित्तरंजन पार्कच्या दुर्गापूजेतले धुनुची नृत्य, इथे कमी प्रकाश आणि जोरदार हालचाल एकदम भेटतात. रात्रीच्या लग्नाची हीच परीक्षा असते. नाट्यगृहात आधी परवानगी विचारा आणि फ्लॅश बंद ठेवा.

फोनचा नाइट मोडही बंद करा. तो एका फोटोसाठी सेकंदभर किंवा त्याहून जास्त वेळ घेतो, तेवढ्यात नाचणारा माणूस धूसर होतो. नाचासाठी १/२५० ते १/५०० वेग बरा. त्यासाठी आयएसओ ३२०० पर्यंत वाढवावा लागला, तरी हरकत नाही. थोडा दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही.

फोटोत आडवे पट्टे दिसले, तर दोष दिव्यांचा असू शकतो. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे काही एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. अशा वेळी शटर १/१०० वर आणा. मग हालचाल कशी पकडायची? प्रत्येक हालचालीत एक थांबा असतो. उडी सर्वांत उंच गेली की, नर्तकी समेवर आली की शरीर क्षणभर स्थिरावते. बटण तेव्हा दाबा.

क्षणाची चाहूल

हा थांबा ओळखणे बर्स्टपेक्षा महत्त्वाचे. मुंबईच्या जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या होमाई व्यारावाला १९४२ मध्ये दिल्लीत आल्या आणि देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून ओळखल्या गेल्या. त्या काळी फ्लॅशचा बल्ब एकदाच पेटायचा, पुढच्या फोटोसाठी नवा बसवावा लागायचा. त्यामुळे वाट पाहणे हेच कौशल्य होते. आपल्या फोनमध्ये हजारो फोटो मावतात, म्हणून वाट पाहायची सवय सुटू देऊ नका.

सरावाला एक साधा हिशेब ठेवा. एका दिवशी फक्त १०० फोटो काढा. घरी आल्यावर चेहरा स्पष्ट आणि क्षण नेमका असलेले किती, ते मोजा. पुढच्या रविवारी तो आकडा वाढतो का, पाहा.

लग्नाच्या दिवशी फोनमध्ये जागा मोकळी करा, लेन्स मऊ कापडाने पुसा, पॉवर बँक घ्या. दिल्लीच्या थंडीत बॅटरी लवकर उतरते, म्हणून फोन आतल्या खिशात ठेवा. नेमलेला फोटोग्राफर असेल, तर त्याच्या वाटेत येऊ नका. तो स्टेज सांभाळेल. तुम्ही मुलीच्या बाबांकडे लक्ष ठेवा. पाठवणीच्या वेळी ते क्षणभर तोंड फिरवतात, तो फोटो घरचाच माणूस काढू शकतो.