ट्रिपच्या आदल्या दिवशी गाडीला हात लावू नका

दिवाळी झाली की ऑफिसखालच्या टपरीवर दरवर्षी एकच विषय निघतो. यंदा डिसेंबरात बाइकवर कुठे? कुणी हंपी म्हणतो, कुणी गोवा, एखादा पेटलेला गडी थेट कन्याकुमारी. मग सगळे माझ्याकडे बघतात आणि ठरलेला प्रश्न येतो, "तू त्या खटाऱ्यावरच येणार का?"

खटारा म्हणजे माझी २००६ सालची हिरो होंडा स्प्लेंडर. मीटरवर अठरा हजार दिसतात, पण तो मीटर एकदा गोल फिरून आलाय. म्हणजे खरे झाले १ लाख १८ हजार.

यावर दोन सल्ले मिळतात. पहिला : "नवीन घे ना, ईएमआयवर." दुसरा : "आदल्या दिवशी फुल सर्व्हिसिंग मार आणि नीघ." पहिल्या सल्ल्याशी माझं भांडण नाही, तो फक्त महाग आहे. दुसरा सल्ला मात्र धोक्याचा आहे. आणि तो इतक्या सहज दिला जातो की आज त्याच्यावरच लिहायचं ठरवलंय.

२०१८ च्या डिसेंबरात मी हेच केलं होतं. शुक्रवारी संध्याकाळी गाडी एका गॅरेजात टाकली. मागचा टायर नवीन, ब्रेक शू नवीन, ऑइल, प्लग, सगळं नवीन. रात्री नऊला गाडी चकचकीत होऊन हातात आली. शनिवारी पहाटे मी आणि बायको पुण्याहून निघालो. रात्री कोल्हापूरला मुक्काम, रविवारी आजरा, आंबोली. आंबोलीचा घाट उतरताना बायको म्हणाली, "अरे, मागून काहीतरी कट्कट् वाजतंय." मी म्हटलं, नवीन ब्रेक शू आहेत, बसतील हळूहळू. दोन वळणं झाल्यावर तीच म्हणाली, "थांबव आधी."

थांबवली. मागच्या ब्रेकची प्लेट चाकाबरोबर फिरू नये म्हणून तिला चिमट्याशी धरून ठेवणारी एक पट्टी असते. त्या पट्टीचा नट गायब होता. नट निसटू नये म्हणून घालायची स्प्लिट पिन कुणी घातलीच नव्हती. बोल्ट अर्धा बाहेर येऊन लोंबत होता. तो पूर्ण निघाला असता आणि मी ब्रेक दाबला असता, तर प्लेट चाकाबरोबर फिरली असती आणि मागचं चाक जागच्या जागी जाम झालं असतं. घाटाच्या उतारावर, मागे बायको बसलेली असताना.

आता गॅरेजवाल्याला शिव्या घालणं सोपं आहे. पण खरी चूक माझी होती. शुक्रवारी संध्याकाळी त्याच्या दारात सात-आठ गाड्या उभ्या होत्या, प्रत्येकाला सकाळी निघायचं होतं, आणि मी स्वतः दर दहा मिनिटांनी "झाली का?" म्हणून डोकं खात होतो. अशा वेळी एक पिन राहणारच.

गंमत बघा मंडळी. आपण हीच माणसं सोमवार ते शुक्रवार काय करतो? शुक्रवारी संध्याकाळी रिलीज करायचं नाही म्हणून मॅनेजरशी भांडतो. कोडमध्ये एक ओळ बदलली तरी टेस्टिंग मागतो. आणि गाडीत मात्र एकदम दहा पार्ट बदलून, एक किलोमीटरही न चालवता, दुसऱ्या दिवशी तिला थेट घाटात नेतो! एक लाख किलोमीटर चाललेल्या गाडीत जो पार्ट कालपर्यंत नीट काम करत होता, तो आजही बहुधा करेल. ज्याला काल रात्री हात लागलाय, त्याची खात्री कुणीच देऊ शकत नाही.

म्हणजे जुने पार्ट तसेच ठेवायचे का? मुळीच नाही. बदलायचे, पण महिनाभर आधी. जुन्या गाडीला खर्च लागतोच, पण त्याहून जास्त वेळ लागतो.

पहिल्या रविवारी फक्त बघायचं. मेन स्टँडवर घेऊन पुढचं चाक उचला आणि हँडल हळू फिरवा. मध्यभागी अडकल्यासारखं झालं तर कोनसेट गेला. चाक वर-खाली धरून हलवा. खेळ लागला तर बेअरिंग बघा. मागच्या स्प्रॉकेटवर चेन मागे ओढा. दात उघडे पडले तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्र बदला, नुसती चेन नको. टायरच्या कडेला चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी इतका जुना टायर कडक झालेला असतो. पेट्रोलची पाइप वाकवून बघा. हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि जुन्या रबराला ते मानवत नाही.

दुसऱ्या रविवारी काम. गॅरेजात सकाळी जा, गर्दी नसताना, आणि शेजारी उभे राहा. उलटतपासणी घ्यायला नाही, शिकायला. क्लच केबल बदलली तर जुनी धड असल्यास फेकू नका, सीटखाली ठेवा. वाटेत उपयोगी पडते.

मग दोन आठवडे रोज गाडी चालवा, चारशे-पाचशे किलोमीटर होऊ द्या. ऑफिस, सिंहगड, कुठेही. सुरुवातीला ऑइलची पातळी बघून ठेवा आणि शेवटी पुन्हा बघा. (स्प्लेंडरची ऑइलपट्टी आटे न फिरवता नुसती टेकवून बघायची असते.) तुमची गाडी किती ऑइल खाते हे त्यातून कळतं, आणि मग वाटेत कुठे टॉप-अप करायचं तेही. शेवटच्या रविवारी सगळे नट पाना लावून तपासा. त्यानंतर हवा, पेट्रोल आणि चेनला ऑइल. बास.

"एवढा वेळ कुणाकडे आहे?" हा प्रश्न येणारच. तो विचारणारा माणूस हेल्मेटचा कॅमेरा, मोबाइल होल्डर, फॉग लाइट आणि सॅडल बॅग यांचे रिव्ह्यू वाचण्यात महिना घालवतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. वेळ असतो हो. फक्त तो दिसणाऱ्या गोष्टींवर जातो. स्प्लिट पिनचा फोटो कोण टाकणार?

आणि चार रविवार देऊनही कधीकधी उत्तर "नाही" असं येतं. इंजिनात खालून ठोके येताहेत, चासीला तडा गेलाय, तर गाडी घरी ठेवा आणि एसटीने जा. हे उत्तर महिनाभर आधी मिळालं तर स्वीकारता येतं. आदल्या रात्री मिळालं तर आपण "बघू, होईल" म्हणून निघतोच.

यंदा आमचं कन्याकुमारी ठरतंय, पनवेलपासून ६६ नंबरच्या महामार्गाने, खटाऱ्यावरच. बायकोची अट एकच : निघण्याआधी ती पिन ती स्वतः बघणार.